मुंबई पाहायला निघालेल्या दिव्यांगांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 22 वर्षं व्हीलचेअर वापरते आणि मुंबईतली संग्रहालयं, लेणी, नाट्यगृहं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘आम्हाला तिथे जाता येईल का?’ असे निरोप वर्षभर येत असतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत. भर आहे तो पायऱ्या, उतार, भरती-ओहोटी आणि कायदा यांवर.

1. माझ्या आईचे गुडघे गेलेत, पण तिच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. हे सगळं तिच्यासाठी आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मोजले आहेत. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच होते. पण रॅम्पवरून जाताना कोणी प्रमाणपत्र मागत नाही. दुखणारे गुडघे, प्लास्टरमधला पाय, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सातवा महिना, यांपैकी काहीही असलं तरी सोपी वाट, लिफ्ट, बसायला बाक आणि तिथली व्हीलचेअर मोकळेपणाने मागा. प्रमाणपत्र लागतं ते सवलतीसाठी (प्रश्न 2).

बऱ्याच आयांना ‘मला काय झालंय खुर्चीत बसायला’ असं वाटतं. मी त्यांना एवढंच सांगते, की दोन दालनं चालून थकण्यापेक्षा सुरुवातीपासून खुर्ची घेतली तर सगळं संग्रहालय पाहून होतं. पुढचं त्यांनी ठरवायचं.

2. यूडीआयडी कार्ड नेमकं कशाला लागतं? आणि त्याचे रंग वेगवेगळे का असतात?

हे केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं ओळखपत्र आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. रंगावरून दिव्यांगत्वाचं प्रमाण कळतं: 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 च्या दरम्यान पिवळं, 80 आणि त्यापुढे निळं. बहुतेक सरकारी सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे पांढरं कार्ड असणाऱ्याला तिकीटखिडकीवर नकार मिळू शकतो. मूळ कार्ड जवळ ठेवाच, शिवाय मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटोही असू द्या.

3. सोबत येणाऱ्याचं तिकीट काढावं लागतं का?

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे. खिडकीवर ‘सवलत आहे का’ एवढंच विचारू नका. ‘दिव्यांगाला आणि मदतनीसाला, दोघांना काय आहे’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला अनेकदा अर्धंच उत्तर मिळतं.

4. बाबांना पक्षाघातानंतर पहिल्यांदाच बाहेर काढतोय. कुठून सुरुवात करू?

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून. जुन्या लोकांचं हे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत 1922 मध्ये लोकांसाठी खुली झाली. बाबांसाठी हीच जागा सुचवते त्याचं कारण तळमजला. तिथलं शिल्पदालन एवढं समृद्ध आहे की वर गेलाच नाहीत तरी फेरी वाया जात नाही. घारापुरीची शिल्पं आहेत, सिंधमधल्या मीरपूर खासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. निसर्गविज्ञानाचं दालनही खालीच आहे. वरच्या मजल्यांवर लघुचित्रं, युरोपीय चित्रं आणि शस्त्रं. त्यांसाठी लिफ्टची चौकशी आदल्या दिवशी फोनवर करून ठेवा. बाहेर बाग आहे, दम घ्यायला सावलीत थांबता येतं.

पहिल्या दिवशी दीड तासाच्या पुढे जाऊ नका. पक्षाघातानंतरचा थकवा अचानक येतो आणि एकदा आला की परतीचा प्रवास नकोसा होतो. संध्याकाळी ऊर्जा उरली असेल तर मरीन ड्राइव्हच्या रुंद पदपथावर अर्धा तास समुद्र पाहा. फक्त तिथल्या भुयारी मार्गाला पायऱ्या आहेत, म्हणून समुद्राच्या बाजूलाच उतरवायला गाडीवाल्याला सांगा.

5. फोन केला की ‘हो, सोय आहे’ एवढंच सांगतात. प्रत्यक्षात गेल्यावर दोन फळ्या टाकलेल्या असतात. विचारायचं तरी काय?

‘सोय आहे का’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं, कारण सांगणाऱ्याच्या मनात चार माणसं मिळून खुर्ची उचलतात तीही सोयच असते. म्हणून मोजता येईल असं विचारा. फाटकापासून तिकीटखिडकीपर्यंत किती पायऱ्या? खिडकीपासून पहिल्या दालनापर्यंत किती? रॅम्प मुख्य दारातच आहे की मागच्या दाराने जावं लागतं, आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे असते? लिफ्ट आज चालू आहे का? तिच्या दाराची रुंदी किती?

रॅम्पचं गणित लक्षात ठेवा. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंची, त्यासाठी 5.4 मीटर लांबीचा रॅम्प हवा. कोणी ‘तीन पायऱ्यांवर छोटासा रॅम्प आहे’ म्हणालं की समजा, तो घसरगुंडीसारखा असणार. दार 900 मिलिमीटर रुंद असावं, आणि खुर्ची जागेवर पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. ऑफिसातल्या माणसापेक्षा वॉचमनला किंवा शिपायाला जास्त माहीत असतं. रोज खुर्च्या आत घेणारा तोच असतो. ‘जरा वॉचमनदादांना फोन देता का?’ असं विचारायला लाजू नका. मला सगळ्यांत खरी माहिती नेहमी त्यांनीच दिली आहे.

6. व्हीलचेअर तिथे मिळते की स्वतःची न्यावी? बॅटरीवरची नेली तर चालते का?

रोज वापरणाऱ्याने स्वतःचीच न्यावी. परक्या खुर्चीत मापाची गादी नसते, पायपट्ट्या नीट बसत नाहीत, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्यांना तासाभरात त्वचेवर व्रण पडू शकतो. अधूनमधून लागणाऱ्यांना तिथली चालते, पण सकाळी लवकर जा. एखाद-दोनच खुर्च्या असतात.

बॅटरीची खुर्ची सपाट जागी उत्तम, कारण मागून ढकलायला माणूस लागत नाही. पण ती इतकी जड असते की दोन पायऱ्या आल्या तरी अडते. फोर्टमध्ये, राणीच्या बागेत जरूर न्या. घारापुरीला नेऊ नका (प्रश्न 8).

7. लोकलने जावं, मेट्रोने जावं की टॅक्सीने?

व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ऑक्टोबर 2025 पासून चित्र बदललं आहे. आरे ते कफ परेड अशी मेट्रो 3 पूर्ण धावू लागली आणि पहिल्यांदाच उपनगरातून थेट दक्षिण मुंबईत लिफ्टने उतरून, लिफ्टने वर येऊन जाता येऊ लागलं. गाडी आणि फलाट एका पातळीत असतात. त्या दिवशी हुतात्मा चौकाला मी एकटी वर आले, कोणालाही हाक न मारता, आणि रस्त्यावर क्षणभर थांबून राहिले. संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय यांना हुतात्मा चौक स्थानक सोयीचं आहे. नेहरू सायन्स सेंटरला विज्ञान केंद्र आणि रवींद्र नाट्य मंदिराला सिद्धिविनायक.

खरी परीक्षा स्थानकाबाहेर असते. पदपथ उंच, आणि मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून टोकाला ठोकलेले खांब इतके जवळ की खुर्ची आत जातच नाही. या खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. जिथे ते अजून आहेत तिथे रस्त्याच्या कडेने जावं लागतं, म्हणून गर्दीची वेळ टाळा.

लोकलला दिव्यांगांचा स्वतंत्र डबा आहे, आणि तो थांबतो त्या जागी फलाटावर बीप वाजतो; अंध प्रवाशांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण फलाट आणि डबा यांतली फट आणि उंचीचा फरक व्हीलचेअरला एकट्याने पार करता येत नाही. पांढरी काठी किंवा कुबड्या वापरणाऱ्यांनी दुपारी 12 ते 4 मध्ये लोकल घ्यावी.

टॅक्सी मागवताना लक्षात ठेवा, की मुंबईतल्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. घडीची खुर्चीसुद्धा मागे मावत नाही. वर कॅरियर असलेली काळी-पिवळी पाहा, किंवा मोठी गाडी मागवा आणि चालकाला आधीच फोन करून सांगा.

8. घारापुरीची लेणी व्हीलचेअरवरून पाहता येतात का?

पाहता येतात, पण स्वतःच्या चाकांवर नाही. हे आधीच मान्य करून निघा.

अडचणी चार टप्प्यांत येतात. पहिली गेटवेला. बोट धक्क्याला लागते तिथे दगडी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि ओहोटी असेल तर बोट आणखी खाली जाते, शिवाय उघड्या पडलेल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. कधी एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकून पलीकडे जावं लागतं. म्हणून भरतीच्या आसपासची सकाळची बोट धरा. भरतीच्या वेळा पंचांगातही असतात. दुसरा टप्पा तासाभराचा प्रवास. इथे एक गोष्ट जीव वाचवणारी आहे: बोटीत लाइफ जॅकेट घाला, पण खुर्चीचा पट्टा बांधू नका. शक्य असेल तर खुर्चीतून उठून बोटीच्या बाकावर बसा. बोट उलटली तर खुर्चीला बांधलेला माणूस खुर्चीसह बुडतो.

तिसरा टप्पा बेटावरचा लांब धक्का. तिथे छोटी आगगाडी आहे, तिच्यात चढायला हात लागतो. चौथा टप्पा म्हणजे साधारण 120 पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून माणसांची ये-जा. चढता न येणाऱ्यांसाठी डोली मिळते. खुर्चीला दांडे बांधून चार जण वाहून नेतात. भाडं जाण्या-येण्याचं मिळून आधीच ठरवा, वर किती वेळ थांबणार तेही सांगा. ज्यांना पाठीला आधार लागतो त्यांनी रुंद कापडी पट्टा सोबत न्यावा.

वर मुख्य लेण्याचा आतला भाग मात्र बराचसा सपाट आहे. पाच मीटरहून उंच महेशमूर्तीसमोर बसून पाहणं हा उभ्याने पाहण्यापेक्षा वेगळा अनुभव आहे. नजर आपोआप वर जाते आणि मधला चेहरा हळूहळू अंधारातून बाहेर येतो. डोलीचा सगळा संकोच मी त्या एका तासासाठी सोसला आणि पुन्हाही सोसेन. पण ज्यांना अनोळखी माणसांनी उचललेलं सहन होत नाही, त्यांचा नकारही तितकाच योग्य आहे. त्यांनी प्रश्न 9 पाहावा. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात जाऊ नका.

9. आजींना घारापुरी झेपणार नाही. दुसरं काही?

आहे, आणि फार सुंदर आहे. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना तो मोडला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले. तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. जमिनीच्या पातळीवर, एकही होडी न बदलता. त्यानंतर दुसऱ्या दिवशी फोर्टच्या संग्रहालयातली घारापुरीची शिल्पं पाहा (प्रश्न 4). बेटावर जाऊन आलेल्या पुष्कळ जणांनी हा हत्ती पाहिलेला नसतो. आजींना नातवंडांना सांगायला काहीतरी मिळेल.

बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद. संग्रहालयाची इमारत 1872 ची आहे, वरच्या सज्जासाठी जिना आहे. खालचं दालन निवांत पाहा.

10. कान्हेरी?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वाहनाने जाता येतं. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह पायथ्यापासून जवळ आहे. त्यापुढे सगळी कातळातली चढण. कुबड्या वापरणाऱ्यांनी रबरी टोपणं नवी घालून जावं. व्हीलचेअरसाठी मी सुचवत नाही.

11. ‘ही हेरिटेज इमारत आहे, रॅम्प करता येत नाही’ असं सांगतात. खरं आहे का?

नाही, निदान एवढं सरळ नाही. 2016 च्या कायद्याचं कलम 45 सगळ्याच अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारतींबद्दल बोलतं. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम करायच्या होत्या. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत जून 2022 मध्येच संपली. वारसा इमारतींना सरसकट सूट त्या कलमात नाही. कलम 29 तर संस्कृती आणि मनोरंजनाबद्दलच आहे: कला दिव्यांगांपर्यंत पोहोचवणं ही सरकारची जबाबदारी म्हणून तिथे लिहिली आहे.

खरी गोष्ट अशी, की वारसा यादीतल्या इमारतीत तोडफोड करायला परवानगी लागते. शहरात वारसा समितीची, संरक्षित स्मारकांत पुरातत्त्व खात्याची. पण उचलून ठेवता येणारा लाकडी किंवा पत्र्याचा रॅम्प दगडाला हात न लावता ठेवता येतो. ‘कायमचा नको, सुटा ठेवा’ असं लेखी सुचवा. अनेक ठिकाणी नकारामागे विरोध नसतो, हे कसं करायचं याची कल्पनाच नसते.

8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात आणखी महत्त्वाचं सांगितलं. सुगमतेच्या नियमांत निव्वळ शिफारशी ठेवून भागणार नाही, किमान मानकं बंधनकारक हवीत, म्हणून नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला आणि नवे बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. व्यवस्थापनाला पत्र लिहिताना या निकालाची तारीख घाला. उत्तराचा सूर बदलतो.

12. मणिभवनात गांधीजींची खोली पाहायची आहे. वर कसं जायचं?

मणिभवन हे मुळात राहतं घर; 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत इथे उतरत. खोली वरच्या मजल्यावर आणि जिना घरगुती, अरुंद. कठडा धरून सावकाश चढता येत असेल तर जा. नसेल तर तळमजल्यावरचं ग्रंथालय पाहा.

13. नाटकाला व्हीलचेअर कुठे ठेवतात? तिकीट कोणतं काढायचं?

ऑनलाइन काढू नका. नाट्यगृहाच्या खिडकीवर जा किंवा नाटकाच्या व्यवस्थापकाला फोन करा. प्लॅनवर कडेची खुर्ची मागा आणि विचारा, की खुर्चीचा हात वर होतो का, म्हणजे बाजूने सरकून बसता येतं. स्वतःच्या व्हीलचेअरवरच बसायचं असेल तर ओळीच्या टोकाला सपाट जागा आहे का ते पाहा. उतरत्या मार्गिकेत ब्रेक लावून तीन तास बसणं मानेला आणि पाठीला जड जातं. काही जुन्या नाट्यगृहांत सभागृहच जिन्याने वर आहे, तेव्हा प्रश्न 5 मधली मोजणी इथेही करा.

पहिल्या घंटेच्या आधी आत जा. तिसरी घंटा झाली की अंधार होतो आणि मार्गिकेत खुर्ची वळवणं धोक्याचं. मध्यंतरात चहासाठी बाहेर झुंबड उडते, तेव्हा सोबत्याला पाठवा आणि स्वतः जागेवर थांबा.

एकदा एका नाट्यगृहात लिफ्ट बंद होती. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं, वळणावर एकाचा हात सुटला आणि खुर्ची तिरकी झाली. लागलं नाही. नाटक विनोदी होतं, सगळं नाट्यगृह हसत होतं, आणि मी अडीच तास फक्त जिन्याचा विचार करत होते, कारण उतरायचंही होतं. तेव्हापासून लिफ्ट बंद असेल तर मी पैसे परत मागते. तुम्हीही मागा.

14. मला कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र लावूनही नाटकातलं अर्धं निसटतं.

श्रवणयंत्र जवळचा आवाज चांगला पकडतं, लांबच्या आवाजाबरोबर मात्र पंखा, खोकला, पिशव्यांची सळसळ सगळंच मोठं करतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत मध्यावर बसा. तिथून ओठ दिसतात. पहिल्या ओळीत मान वर करावी लागते आणि रंगमंचाच्या खोलातलं दिसत नाही.

मराठी रसिकांना एक मोठा फायदा आहे: आपल्याकडे नाटकांच्या संहिता छापण्याची जुनी परंपरा आहे. गाजलेलं नाटक असेल तर संहिता आधी वाचून जा. कथा आधी कळल्याने मजा कमी होत नाही. संगीत नाटकाचे प्रेक्षक पदं पाठ करूनच येत असत. संग्रहालयातल्या मार्गदर्शकासाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अॅप मराठीतही बोलणं लिहून दाखवतं. माणूस समोर आणि जवळ असेल तर उपयोगी पडतं. नाटकात मात्र पडद्याचा उजेड शेजाऱ्यांना खुपतो.

15. आमच्या कर्णबधिर मुलांच्या गटाला खुणा करून सांगणारा दुभाषी मिळेल का?

बहुतेक ठिकाणी तो तुम्हालाच न्यावा लागतो. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दुभाषाच्या चौकशीची सुरुवात तिथून करा. फेरी तासाहून लांब असेल तर दोन दुभाषी ठरवा, कारण दर वीसेक मिनिटांनी ते आलटून-पालटून काम करतात.

संग्रहालयाला एक गोष्ट आधीच समजावा. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीची हाताने केलेली नक्कल नाही. ‘पाट्या आहेतच की, वाचतील’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. अनेक कर्णबधिर मुलांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. आणि मूर्तीकडे बघत असताना दुभाषाकडे बघता येत नाही. आधी सांगू द्या, मग बघायला वेळ द्या. गटाची फेरी दुप्पट वेळाची धरा.

16. मी अंध आहे. काचेआडच्या वस्तूंत माझ्यासाठी काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो रास्त आहे. मूळ वस्तूंना हात लावू देत नाहीत, कारण घामातला क्षार आणि तेल दगड-धातूवर साचत जातं. पण उपाय आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ‘अनुभव’ हे स्पर्शदालन केलं, तिथे प्रतिकृती हाताळता येतात. अशी मागणी मुंबईत प्रत्येक ठिकाणी नोंदवा.

आज काय करता येईल? फोर्टच्या संग्रहालयात जाताना इमारतीचाच स्पर्श घ्या: कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड, दोन्हींचा पोत वेगळा आहे. नेहरू सायन्स सेंटरमध्ये हाताने फिरवायची, ढकलायची उपकरणं आहेत. सोबत्याला वर्णन करायला शिकवा: आधी आकार आणि साहित्य, मग मुद्रा, मग बारकावे, आणि ‘छान आहे’ सर्वांत शेवटी. ‘उजवा हात गुडघ्यावर टेकलाय, तळवा उघडा’ असं ऐकलं की मूर्ती मनात उभी राहते.

ब्रेल पाट्या मागताना मराठी ब्रेल मागा. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक 2008 पासून निघतं, म्हणजे वाचक आहेत. मात्र उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, त्यांना ध्वनिमुद्रित माहितीच हवी. दोन्ही मागा.

17. मुलगा स्वमग्न आहे. गर्दी आणि आवाज सहन होत नाही.

मंगळवार ते गुरुवार, दार उघडताच जा. डिसेंबर-जानेवारी टाळा, शाळांच्या सहली असतात. आदल्या दिवशी जागेचे फोटो दाखवा. कुठे रांग, कुठे तपासणी, कुठे बाहेर पडायचं. सुरक्षा तपासणीचा अचानक स्पर्श पुष्कळ मुलांना घाबरवतो, म्हणून आधी तुमची तपासणी त्याला पाहू द्या. कानांवर हेडफोन ठेवू द्या. तारांगणात एकदम अंधार होतो. दाराजवळच्या जागा मागा. एकाच दालनात एकाच वस्तूपाशी तो अर्धा तास रमला तर तीच सहल यशस्वी समजा.

18. स्वच्छतागृहाचं काय? त्यासाठीच आई पाणी पीत नाही.

मीही कित्येक वर्षं तेच केलं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडले. कृपया करू नका. पोहोचल्यावर दालनाआधी स्वच्छतागृह पाहून या. व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं दार कुलूपबंद असतं आणि आत झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात, असं मी अनेकदा पाहिलंय. किल्ली मागा, सामान बाहेर काढायला सांगा, आणि तुमचं आटपेपर्यंत थांबायला सांगा. पॅनशेजारी पकडायला दांडी नसेल तर सोबत्याला आत येऊ द्या असं सांगायचा संकोच नको.

19. अमेरिकेतून येणाऱ्या मावशीकडे तिथलं दिव्यांग पार्किंग कार्ड आहे, यूडीआयडी नाही. तिला सवलत मिळेल?

यूडीआयडी भारतीय नागरिकांसाठी आहे, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना ते मिळत नाही आणि तिथलं कार्ड तिकिटाच्या सवलतीला चालेल असं गृहीत धरू नका. पण रॅम्प, लिफ्ट, व्हीलचेअर, रांगेविना प्रवेशाची विनंती यांचा नागरिकत्वाशी संबंध नाही (प्रश्न 1). डॉक्टरांची एक पानी इंग्रजी चिठ्ठी मात्र असू द्या. विमानतळावर आणि बॅटरीच्या खुर्चीबाबतही ती कामाला येते.

20. कर्मचारी बाबांशी बोलतच नाहीत. ‘यांना काय बघायचंय?’ असं मला विचारतात.

उत्तर देऊ नका. बाबांकडे बघा आणि थांबा. दोन सेकंदांत समोरचा माणूस बाबांकडे वळतो. बोलायला अडचण असेल तर ‘त्यांना विचारा, ते मानेने सांगतील’ एवढंच म्हणा. न विचारता कोणी खुर्ची ढकलायला लागलं तर बाबांनीच हात वर करावा. खुर्ची हा शरीराचाच भाग आहे, हे प्रेमाने सांगितलं तर बहुतेकांना पटतं.

21. सरळ प्रवेश नाकारला तर तक्रार कुठे?

आधी तिथल्याच तक्रारवहीत, तारीख-वेळ घालून. पायऱ्या मोजा, दाराचा टेप लावून फोटो घ्या. मग राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार. कार्यालय पुण्यात आहे. कायद्याच्या भंगाला कलम 89 खाली पहिल्यांदा 10 हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 हजार ते 5 लाख दंडाची तरतूद आहे. इमारत सुगम नसल्याची तक्रार सुगम्य भारत अॅपवरही फोटोसह करता येते. ‘आमची गैरसोय झाली’ असं लिहू नका. ‘मुख्य दारात 7 पायऱ्या, रॅम्प नाही, दुसरं दार बंद’ असं लिहा.

22. आजोबा कोणालाच उचलू देत नाहीत. हट्ट सोडवायचा कसा?

सोडवू नका. उचललं जाताना काय वाटतं ते त्यांना माहीत आहे, आपल्याला नाही. त्यांना विचारा, की तुम्ही कुठपर्यंत याल. कदाचित ते म्हणतील, गेटवेपर्यंत. मग गेटवेलाच न्या. 1924 पासूनची ती कमान खालूनच पाहायची असते. घरचे बोटीने बेटावर जाऊन येईपर्यंत एकाने त्यांच्यासोबत थांबा, चहा घ्या, आणि गोदीत कामाला असताना त्यांनी इथून काय काय पाहिलं होतं ते विचारा. माझ्याकडे हा प्रश्न पाठवणाऱ्या नातीने तसंच केलं. संध्याकाळी बोट परत आली तेव्हा दोघांच्या गप्पा संपल्या नव्हत्या.